कासविणीचा खटला

त्या मुलखात न्याय फार उंचावर राहत असे. डोंगराच्या माथ्यावर एक कडा होता आणि त्या कड्यावर कोर्ट भरे. पंख असलेल्यांना तिथं जायला एक झेप पुरे. ज्यांना पंख नव्हते त्यांनी नागमोडी पायवाट चढत यायचं आणि वेळेत पोचायचं. ही सोय कोणी लावली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती उत्तम आहे याबद्दल कड्यावर कधी दुमत झालं नाही.

वकील सगळे पक्षीच होते. टिटवी पुकारा करी. पक्षकाराचं नाव ती तीनदा घेई, आणि तिसऱ्या हाकेलाही ‘हजर’ आलं नाही की पुढची तारीख. वकिलाचं मात्र तसं नव्हतं. वकील यायचा असेल तर पुकाराच थांबे. ‘साहेब वाटेत आहेत’ एवढा निरोप आला की अख्खं कोर्ट निवांत पिसं साफ करत बसे.

या सगळ्यांत नाणावलेला वकील म्हणजे डोमकावळा. काय तो रुबाब! बोलायला उठला की आधी पंख पसरून समोरच्याचा उजेड अडवायचा आणि मग तोंड उघडायचा. त्याच्याकडे एक जुना खटला होता. पायथ्याच्या तळ्यावर बगळ्यांनी कब्जा केला होता, आणि तिथल्या कासविणीनं त्यांच्यावर दावा लावला होता. दर तारखेला ती बिचारी खूप आधी निघे आणि पुकारा होऊन गेल्यावर धापा टाकत कड्यावर पोचे. तोवर डोमकावळा दुसऱ्या खटल्यात रंगलेला असे. तरी पुढची तारीख पडण्याआधी तिच्या नावानं तो दर वेळी तळ्याच्या पाण्याबद्दल असं काही बोलून घेई, की ऐकणाऱ्यांच्या घशाला कोरड पडावी. फक्त अशिलाशी तो कधी बोलला नव्हता. आणि गंमत बघा, त्याचं घरटं त्याच तळ्याकाठच्या करंजावर होतं.

मग पीसगळ आली. पंखाला पंख लागला की ती एकाची दुसऱ्याला होई. आधी शेपटीची पिसं झडत, मग पंखांची, मग अंगावरची. काही पक्षी घरट्यातून पुन्हा उठलेच नाहीत, आणि त्यांच्यासाठी रडायलासुद्धा कुणाला जवळ बसता येईना. कड्यावर तर सगळे खेटून बसणारे. कोर्ट बंद झालं. आपापल्या घरट्यात वकील सोललेल्या कंदासारखे बसून राहिले आणि पिसांवाचून आपल्याला कोण विचारणार, म्हणून मनातून हादरले.

हादरली नाही ती एकटी न्यायाधीश. ती होती धनेशीण. या जातीची मादी अंडी घालायची वेळ आली की झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चिखलानं दार लिंपते, चोचीपुरती फट ठेवते आणि आत पिसंही टाकते. तिला कोंडून घेण्याचं काय कौतुक? तिनं फटीतून सांगून पाठवलं, “रडताय कशाला? बसल्या जागेवरून बोला.”

पीसगळ न लागलेल्या सुगरण पक्ष्यांनी पोकळ वेळू जोडत डोंगरभर नळ्या टाकल्या. प्रत्येक झाडाशी एक तोंड, पक्षकारांच्या बिळाशी, काठाशी एक. एका तोंडाशी बोललं की सगळीकडे ऐकू जाई.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. डोमकावळ्यानं सवयीनं पंख पसरले. पंखांत होतं काय, काड्या! आणि बघायलाही कोण होतं? बगळ्यांचा वकील होता भारद्वाज, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडण्यात पटाईत. पण नळीत दोघं एकदम बोलले की नुसती फुसफुस होई आणि दोघांचंही वाया जाई. एकदा तर तो नळीचं तोंड झाकायला विसरला आणि त्याची बायको अख्ख्या डोंगराला ऐकू गेली: “दुनियेचे वाद मिटवताय, आधी पोरांचा मिटवा!” अहो, धनेशिणीच्या ढोलीतूनसुद्धा खुसखुस ऐकू आली. त्या दिवसापासून वकिलांना एकमेकांची पोरं नावानं माहीत झाली.

डोमकावळ्याला उडता येत नव्हतं. भूक लागली की करंजावरून उड्या मारत उतरायचं आणि काठानं चालायचं. आयुष्यात पहिल्यांदा तो चालत होता आणि चार पावलांत दमत होता. अशाच एका सकाळी त्याला कासवीण भेटली. तिनं त्याच्या उघड्या अंगाकडे पाहिलं आणि एक गोगलगाय त्याच्यापुढे सरकवली.

“बाई, तुम्ही काळजी करू नका,” तो म्हणाला. “पाण्यावरचा तुमचा हक्क मी सोडणार नाही.”

कासवीण चालते तशीच बोलते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “पाण्याचं काय घेऊन बसलात, वकीलसाहेब? पाणी बगळ्यांनी खुशाल वापरावं. मला ती वाळू हवी.”

“वाळू?”

“ती पलीकडची. उन्हाची. अंडी तिथंच उबतात. ते तिथं उभे असतात, मला वर येऊ देत नाहीत. मग मी चिखलात घालते.” ती थांबली. “चिखलात कुजतात.”

डोमकावळा खालीच बसला. इतकी वर्षं त्यानं पाण्यासाठी कंठशोष केला होता, आणि तिनं पाणी मागितलंच नव्हतं! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की नसलेली पिसंही अंगावर उभी राहिली असती. मग तो रोज उतरू लागला. तिचं एकेक वाक्य यायला वेळ लागे आणि तेवढा वेळ तो गप्प बसे. गप्प बसणं त्याला आवडायलाही लागलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे.

खटल्याचा दिवस आला. टिटवीनं आपल्या दगडावरून नळीत पहिली हाक घातली आणि लगेच काठावरून आवाज आला, “हजर.” टिटवी दुसरी हाकच विसरली.

डोमकावळा म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही. अशिलाचं ऐका.” हे वाक्य त्या कोर्टात पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. कासवीण बोलू लागली. भारद्वाजानं दोनदा मध्ये तोंड घातलं, नळी फुसफुसली, आणि तो गप्प झाला. एरवी कड्यावर कुणाला दम निघाला नसता. इथं सगळे आपापल्या घरट्यात अडकलेले, जातात कुठं? सगळ्यांनी सगळं ऐकलं. ती ‘कुजतात’ म्हणाली तेव्हा ढोलीत धनेशीण अंग आणखी घट्ट दाबून बसली. धनेशिणीच्या पोटाखाली तेव्हा दोन अंडी होती.

आणि मग पीसगळ ओसरली. नवी कोवळी पिसं फुटली, चमकू लागली. काय तो आनंद! जो तो उगाचच उडत सुटला, वाटेत भेटेल त्याला चोच घासत सुटला. धनेशीणही दार फोडून बाहेर आली. निकाल तेवढा राहिला होता. भारद्वाजानं अर्ज दिला, की जुना रिवाज आहे, निकाल कड्यावरच, पुकारा होऊन, पक्षकारासमोर लागावा. रिवाज होता खरा. धनेशिणीनं सुस्कारा सोडून तो मान्य केला.

कासवीण पायवाटेला लागली. पोटात अंडी भरलेली, घालायची वेळ अगदी तोंडावर आलेली. ही तारीख हुकली की ही अंडीसुद्धा चिखलातच जाणार, हे तिला कळत होतं. तरी चालली.

कड्यावर सगळे नटूनथटून जमले. टिटवीनं गळा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “कासविणीचे वकील?”

डोमकावळा नव्हता. पुकारा थांबला. सगळ्यांनी पिसं साफ केली, पुन्हा साफ केली. साहेब काही येईनात. शेवटी भारद्वाज वैतागून खाली झेपावला, तर पहिल्याच वळणाच्या अलीकडे डोमकावळा कासविणीशेजारून एकेक पाऊल टाकत चाललेला.

“उडता येत नाही का तुम्हाला?”

“येतं की. मस्त येतं.”

“मग?”

“अशील पायी आहे,” डोमकावळा म्हणाला.

भारद्वाजानं चोच उघडली. पण एव्हाना मध्ये न बोलायची सवय लागली होती. त्यानं चोच मिटली. तो मुळात चालणाराच पक्षी, रुबाबापायी उडायला लागला होता. पायांना माती लागली तेव्हा त्याला बरं वाटलं असावं, कारण तोही चालू लागला. हे काय चाललंय म्हणून आणखी वकील उतरले. कुणी थट्टा केली, कुणी वाट विचारली, आणि एकेक करून मागे लागले. टिटवीला कड्यावर एकटं करमेना, तीही आली.

मधल्या वळणावर वरून मोठ्ठ्या पंखांची सावली पडली. धनेशीण उतरली होती. तिनं कासविणीकडे पाहिलं, तिच्या जड चालीकडे पाहिलं, आणि ‘कोर्ट सगळं इथंच आहे’ म्हणत टिटवीला पुकारा करायला सांगितलं. हाक एकच झाली.

“हजर,” कासवीण म्हणाली.

“पाणी सगळ्यांचं,” धनेशीण म्हणाली. “वाळू हिची. बगळ्यांनी आजच उठावं.”

कासविणीनं पुढचं ऐकलं नाही. ती केव्हाच वळली होती आणि उताराला लागली होती. भारद्वाजानं वाट सोडली. डोमकावळा तिच्या शेजारी, त्याच्यामागे बाकीचे वकील आणि सगळ्यांत शेवटी, पंख मिटून, धनेशीण. टिटवीनं निकाल पुकारल्यावर खाली तळ्याकाठून बगळे उडताना दिसत होते आणि त्यांच्यामागे वाळू उन्हात मोकळी पडत चालली होती. त्या उतारावरून साऱ्या मुलखाचे पंख नव्या पिसांवर धूळ घेत, कासविणीच्या चालीनं, पायी चालले होते. आणि पुढं उडून जायची कुणालाच घाई नव्हती.