चार काट्यांवरची गाडी

"…मग खोट गाडीत आहे का माझ्यात, तेवढं एकदा सांगून टाका, उस्ताद."

वृषालीनं हेल्मेट बाकावर आपटलं. ते गडगडत खाली गेलं. तिनं ते उचललंही नाही.

इलाही उस्ताद शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

एके काळी उस्ताद स्वतः शर्यतीच्या गाड्या पळवायचे. आता कोल्हापूरबाहेर माळावरच्या ट्रॅकला लागून शेड टाकून बसले होते. ज्याची गाडी वळणावर रस्ता धरेना, तो त्यांच्याकडे यायचा. अर्ध्यांना ते हाकलून द्यायचे.

वृषालीचं म्हणणं एवढंच होतं, की उजव्या वळणाला गाडीचं बूड सुटतं. पाठीमागून कुणी लाथ घातल्यासारखी गाडी फिरते, आणि तिला ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यावा लागतो.

तिच्या थोरल्या भावाचं, रणधीरचं म्हणणं वेगळं होतं. गाडी त्यानं स्वतःच्या हातानं जुळवली होती. स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप कडक केले, परत सैल केले. त्यानं चालवली की गाडी रुळावरून गेल्यासारखी जायची. तेव्हा गाडी बरोबर होती. पोरगी घाबरते, हे त्यानं ट्रॅकवरच्या एकूण एक माणसाला सांगून ठेवलं होतं. चहावाल्यालासुद्धा.

आणि आज निकाल लागला नाही, तर रविवारच्या शर्यतीला तो दुसरा ड्रायव्हर बसवणार होता.

भीती म्हणे. भीती वाटली असती, तर ती शर्यतीच्या गाडीत कशाला बसली असती? घरी भाकऱ्या थापत बसली असती, आणि कुणी नावं ठेवली नसती. तळपायाची आग मस्तकात गेली होती तिच्या.

"बघा तुम्हीच," रणधीर म्हणाला. "गाडीत काय निघालं, तर मिशी काढतो."

उस्तादांनी शेंगा बाजूला सारल्या. चार चाकांखाली घालायचे चार वजनकाटे त्यांनी जमिनीवर मांडले आणि गाडी त्यांवर चढवायला लावली.

कुठल्या चाकावर किती भार पडतो, ते या काट्यांवर दिसतं. रिकाम्या गाडीचं बघून मात्र भागत नाही. माणूस आत बसला की भार बदलतो. ट्रॅकवरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"चालवणाऱ्यानं सीटवर बसावं," उस्ताद म्हणाले.

रणधीरनं टोपी आणि मोबाइल वृषालीच्या हातात दिला, दार उघडलं आणि आत बसला. घरच्या गॅरेजमध्ये गाडी जुळवतानाही तोच बसायचा. ती अशीच टोपी धरून उभी असायची.

उस्ताद चारी काट्यांशी वाकले. सावकाश. एकेक आकडा बघत.

"गाडीत खोट नाही."

रणधीर आतून हसला. "ऐकलंस, बाईसाहेब?"

मग मात्र वृषालीचा बांध फुटला. तुम्हीही त्यातलेच निघालात, असं ती उस्तादांच्या तोंडावर म्हणाली. बाप्यांना बाप्यांचंच खरं वाटतं, बाईनं जीव मुठीत धरून गाडी सावरली तरी ती भित्रीच, असं बरंच काही बोलली. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी काय म्हटलं होतं?"

"कधी?"

"काटे मांडल्यावर."

"चालवणाऱ्यानं सीटवर…"

ती थांबली.

सीटवर रणधीर बसला होता. रेड्यासारखा आडवातिडवा, पोट स्टेअरिंगला टेकलेलं. त्याच्या निम्मीही ती भरली नसती.

…

"मग त्याला उठवलं का नाही तुम्ही?" तिचा आवाज चिरकला.

"तू का उभी राहिलीस?"



वृषालीनं टोपी नि मोबाइल गाडीच्या टपावर ठेवला.

"ऊठ, दादा."

मूठभर वजनानं असा काय फरक पडणार, हे रणधीर तिला समजावू लागला. ती पुन्हा म्हणाली, ऊठ. भरल्या ताटावरून उठावं तसा तो उठला.

ती बसली. गाडीची उजवी बाजू बोटभर वर आली. उजव्या चाकांचे आकडे घसरले, मागच्याचा तर चांगलाच; उजव्या वळणाला तेच चाक रस्ता सोडत होतं. रणधीरनं वाकून बघितलं. काट्याची काच अंगठ्यानं पुसली, परत बघितलं. कान लाल झाले त्याचे.

मग खालच्या आवाजात तो स्वतःच म्हणाला, की या स्प्रिंगाही तिच्या वजनाला कडक पडत असणार. आणि त्यानं झटकन पाना उचलला.

उस्तादांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीतून वृषालीपुढे धरला.

"ती खाली आल्यावर सीट रिकामी राहील की," रणधीर म्हणाला.

उस्तादांनी कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. तिच्या वजनाइतकी पोती रणधीरनं मुकाट वाहून सीटवर रचली.

स्प्रिंगा बदलल्या. मग स्प्रिंगखालची रिंग फिरवायची, काटा बघायचा, परत फिरवायची. ऊन कलेपर्यंत वृषाली गाडीखाली होती. बोटांची सालटी निघाली. राग काही निघाला नाही.

आकडे जुळले तेव्हा ती तशीच तेलकट हातांनी उस्तादांपुढे उभी राहिली.

"आता चारचौघांत सांगा, उस्ताद. मी घाबरत नव्हते. आणि रविवारी ही गाडी घसरणार नाही."

उस्तादांनी शेंगांची टोपली परत पुढ्यात ओढली.

"घसरेल की."

…

"पण आता घसरलीस, तर तुझी तू घसरशील."