लांबड्याची ओवी

ऐका, ही आमच्या उंबरडोहाची गोष्ट. फार वर्षांपूर्वी गावाला विहीर नव्हती, होता तो नदीतला एक डोह. एका उन्हाळ्यात दौलतराव इनामदाराने त्या डोहाला काटेरी कुंपण घातलं आणि सगळं पाणी आपल्या उसाकडे वळवलं. वर दवंडी पिटवली, डोहाबद्दल जो तोंड उघडेल तो गावाबाहेर. गुरं काठावर माना टाकू लागली. माणसं गप्प.

गावात भिवराबाई नावाची म्हातारी होती. लग्नघरी जात्यावर ओव्या गायला तिलाच बोलावत. ती गाऊ लागली की दगडाचं जातं फुलासारखं हलकं व्हायचं, असं म्हणतात.

त्यातच इनामदाराच्या लेकीचं लग्न निघालं. हळद दळायला भिवराबाईला बोलावणं आलं, तशी तिची सून घाबरली.

"आत्याबाई, डोहाचं काही काढू नका. हाकलून देतील आपल्याला."

"मी कशाला काढू? मी देवाचं गाणार."

दिवेलागण झाली. मांडवात सारा गाव. भिवराबाईने कृष्णाची कथा धरली, यमुनेचा डोह बळकावून बसलेल्या कालिया नागाची. पण दिवे लागल्यावर सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणून तिने गायलं,

गाई आल्या काठावर, जीभ सुकली तोंडात
लांबडं बसलं गं बाई, यमुनेच्या डोहात

सगळ्या नजरा इनामदाराकडे वळल्या. कारण इनामदार ताडासारखा उंच, आणि त्याच्या माघारी अख्खा गाव त्याला लांबडंच म्हणायचा. ते त्याच्या कानावर कधीच गेलं होतं.

भिवराबाईने तीच ओवी पुन्हा घेतली. आणि पुन्हा. इनामदार ताडकन उठला.

"म्हातारे, कुणाला म्हणतेस?"

तिने जात्याचा खुंटा सोडला नाही. "कालियाला, सरकार. तुम्ही का उठलात?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा मांडव हसला. म्हणतात, जातं आपोआप फिरत राहिलं, त्यातून हळदीऐवजी पिवळं पाणी झरू लागलं आणि थेट इनामदाराच्या पायापाशी जाऊन थांबलं. तेव्हा नवरी म्हणाली, "आबा, उठलाच आहात तर कुंपण काढून या."

आणि तो गेला.

अजूनही आमच्याकडे हळदीला पहिली ओवी लांबड्याची. ती म्हणून झाली की बाया जातं थांबवतात आणि मांडवभर नजर फिरवतात, कुणी उठतंय का बघायला. आजवर कुणी उठलेलं नाही. पण तेवढा वेळ गावातली मोठी माणसं मांडी घट्ट आवळून बसतात.