येसूनं वाचलेली दोरी

फार जुनी गोष्ट आहे. एका राज्यात पाण्याचे हुकूम दोरीत बांधलेले असत. साधी गाठ म्हणजे पाटाचं दार उघड, दुहेरी गाठ म्हणजे बंद कर. दार कुठलं, ते गाठीत ओवलेल्या मण्याच्या रंगावरून कळे. पाटकऱ्यानं दोरी हातात घ्यायची आणि गाठीमागून गाठ दारं चालवत जायचं.

येसूला गावची पाटकरीण व्हायचं होतं. नवरा गेल्यापासून ती लोकांच्या रानात राबत होती, आणि पाटकरणीला गाव तिच्या मालकीचं रान देई. हात असा चपळ, की बोलता बोलता दोरी बांधून मोकळी! पण तिच्या दोरीनं सोडलेलं पाणी रानात कमी आणि रस्त्यावरच जास्त. मग बाईसाहेब ती दोरी फेकून नवी बांधायला बसत.

म्हातारे पाटकरी कान्हूबाबा हे रोज बघत होते. एके दिवशी म्हणाले, "येसू, बांधणं पुरे झालं. ही माझी दोरी घे आणि वाच."

"त्यात वाचायचं काय, बाबा? मला सगळ्या गाठी येतात."

"गाठी येतात गं, दोरी येत नाही. पुढच्या गाठीला पाणी कुठं जाईल, ते आधी सांग. मगच दार हलव. चुकलीस तर का चुकलीस ते बघ, आणि मग पुढं चल."

येसूचं तोंड एवढंसं झालं, पण ती बसली. पहिलीच गाठ पाणी ओसाड माळावर सोडत होती. "ही फुकटची," म्हणत तिनं ती उकलून टाकली. झालं! माळावर जायचा तो पाटातला पहिला गढूळ लोंढा थेट वाफ्यात शिरला आणि मेथी गाळाखाली गेली.

"माझीच होती मेथी," बाबा शांतपणे म्हणाले.

येसूला फार वाईट वाटलं. त्यानंतर कुठल्याही गाठीला फुकटची म्हणायची तिची छाती झाली नाही. ती मिळेल त्याची दोरी मागून आणी, आधी सांगे, मग दार हलवून पडताळून पाही. हळूहळू तिचं सांगणं खरं ठरू लागलं.

निवडीच्या दिवशी पंचांनी परगावची एक दोरी पुढं ठेवली आणि त्या गावच्या पाटांचा नमुना मातीत मांडला. दुसरा उमेदवार धर्मू. त्यानं ती झटक्यात उचलली आणि पिवळं दार उघडलंसुद्धा. येसू मात्र गाठींवरून बोट फिरवत राहिली.

धर्मूचा हात निळ्या दाराकडे गेला, तशी ती म्हणाली, "थांबा, धर्मूदादा. पिवळं अजून बंद नाही. दोन्हींचं पाणी एकाच बांधावर येईल. बांध फुटेल, आणि खाली माणसं राहतात."

धर्मू हसला. "दार उघडण्याआधीच कळलं होय तुला?"

"दोरीतच आहे ते."

पंच एकमेकांकडे बघू लागले. त्यातले थोरले सावकाश बोलले, "गेल्या साली याच दोरीनं त्या गावचा बांध फोडला. निम्मी वस्ती वाहून गेली."

येसूनं मधे पिवळा मणी ओवून एक दुहेरी गाठ मारली आणि दोरी त्यांच्या हाती दिली. त्याच सांजेला गावानं तिला तिचं रान मोजून दिलं.

म्हणून सांगतो बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो: दुसऱ्यानं बांधलेलं समजून घ्यायला जो शिकतो, त्याचंच स्वतःचं बांधलेलं टिकतं.