तुळशीरामच्या लांब स्की

एका बर्फाळ गावात एक दमलेला माणूस राहत होता. त्याचं नाव तुळशीराम. मूळचा अकोले तालुक्यातला. ट्रेकवाल्यांच्या टोळीबरोबर स्वयंपाकी म्हणून हिमालयात गेला आणि तिथेच राहिला. का राहिला, ते मला विचारू नका, पोरांनो. माणसं राहतात कुठेकुठे.

डोंगराच्या पायथ्याशी त्याची आणि त्याच्या बायकोची, ठकूची, छोटी खाणावळ होती. चहा, पराठे, गरम भात. थंडीमुळे दारं-खिडक्या बंद, आणि आत चुलीचा धूर. वर्षानुवर्षं तो धूर खाऊन तुळशीरामची छाती कामातून गेली. रात्रंदिवस खोकला. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाले, "चूल सोडा. सोडणार नसाल तर माझ्याकडे येऊ नका."

चूल सोडून करायचं काय? तुळशीरामला दुसरं एकच काम येत होतं, ते म्हणजे स्की. लांब अरुंद पट्ट्या बुटांना अडकवायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. पहाटे चूल पेटवायच्या आधी तो एकटाच डोंगरावर जायचा आणि स्वतःच धडपडत शिकायचा. शिकला तो असा, की तो उतरायला लागला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. नुसता सूं करून यायचा.

गावातल्या स्कीशाळेला एक शिक्षक हवा होता. पण आधी शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि परीक्षा पास व्हायची. परीक्षा हिवाळ्यातून एकदाच. पास झाला की नोकरी, आणि खाणावळीला कुलूप.

ठकू म्हणाली, "यंदा तरी सुटा हो या धुरातनं. तुमचं खोकणं ऐकून ऐकून मीच थकले."

प्रशिक्षण देणारे होते धुमाळ सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. सगळा जन्म बर्फात गेलेला. इतक्या जणांना शिकवलं होतं, की आता बोलायचंही त्यांच्या जिवावर यायचं. त्यांचा एक नियम होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाने कोठारात जाऊन आपल्या स्की आपणच निवडायच्या. सल्ला मिळणार नाही. आणि एकदा घेतल्या की परीक्षेपर्यंत बदलायच्या नाहीत.

कोठारात भिंतीला टेकून स्की उभ्या होत्या. काही अगदी अरुंद, कडक बर्फ कापत जाणाऱ्या. काही चांगल्या रुंद, भुसभुशीत बर्फावर तरंगणाऱ्या. आणि मधल्या रुंदीच्या, ज्यांना तिथले लोक 'सगळ्या डोंगराच्या' म्हणतात. शिक्षकाला आज कडक बर्फ, उद्या भुसभुशीत, म्हणून त्याने या मधल्याच घ्यायच्या. एवढं तुळशीरामला कळत होतं. तो काही अगदीच भोळा नव्हता.

पण मधल्यांतही दोन तऱ्हा होत्या. एक जोडी हनुवटीपर्यंत येणारी, जराशी लवचिक, पुष्कळ ओरखडे पडलेली. दुसरी डोक्याच्याही वर जाणारी, ताठ, काळीभोर आणि चकचकीत. त्या गावात माप घ्यायची जुनी रीत होती. हात सरळ वर करायचा आणि स्की मनगटाला लागली की ती आपली. ही रीत जुन्या काळच्या सरळसोट स्कींची. आताच्या स्की कमरेत बारीक असतात, त्यांना ते माप लागू पडत नाही. पण गावातले पट्टीचे स्कीवाले अजून ऐटीत हात वर करायचे. तुळशीरामनेही हात वर केला. काळी जोडी बरोब्बर मनगटाला लागली.

सुभेदार दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "कोणासाठी घेतोस?"

"म्हणजे काय? माझ्यासाठी!"

सुभेदारांनी एक उसासा टाकला आणि ते बाजूला झाले.

पुढे काय विचारता! तुळशीराम वाऱ्यासारखा उतरायचा. ताठ स्की वेगात असल्या की गुणी असतात. कडक बर्फावर पकड सोडायच्या नाहीत आणि भुसभुशीत बर्फात अडायच्या नाहीत. बाकीचे उमेदवार तोंडात बोटं घालायचे. फक्त सुभेदार खालून ओरडायचे, "हळू उतर!"

एकदा तुळशीराम म्हणाला, "हळू काय, कोणालाही येतं, सुभेदार."

"नाही येत," सुभेदार म्हणाले. "मलासुद्धा फार उशिरा आलं."

तुळशीराम हसला. त्याला वाटलं, म्हातारा थकलाय. थकला होताच. पण थकलेला माणूस नेहमी चुकतोच असं थोडंच आहे?

परीक्षेचा दिवस उजाडला. ठकूने पहाटेच तवा घासला आणि भिंतीवर पालथा टांगला. म्हणाली, "आता याला हात लावायची वेळ येऊ नये."

परीक्षा अशी होती. प्रत्येक उमेदवाराला एक नवखा माणूस द्यायचा. त्याला शिकवत शिकवत लहान उतारावरून खाली आणायचं. पडला तर उठवायचं. आणि उमेदवाराने मध्येच पायातून स्की काढल्या की तो नापास.

तुळशीरामच्या वाट्याला आल्या कालिंदीबाई. मिरजेच्या, साठीच्या पुढच्या. लेकीच्या हट्टापायी स्कीवर उभ्या राहिल्या होत्या आणि उभ्या उभ्याच थरथरत होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मला पळायचं नाही हो. तेवढं थांबायला शिकवा."

थांबायची युक्ती सोपी असते. स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, मागची फाकवायची. तिथे त्याला नांगर म्हणतात. शिक्षकाने शिकणाऱ्याच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलट्या नांगराने, म्हणजे मागची टोकं जवळ आणि पुढची फाकवून, मागे मागे सरकायचं. अगदी गोगलगाईसारखं.

तुळशीराम तसा सरकायला लागला, आणि तिथेच घात झाला. लांब स्कींची मागची टोकं एकमेकांवर चढली. तो सावरला, पण त्या ताठ पट्ट्या हळू चालीत वळेनात. वेग मिळेपर्यंत त्या वळणाऱ्याच नव्हत्या. त्याने अंग चोरलं, दात आवळले, पण स्की त्याला ओढतच गेल्या. शेवटी गर्रकन वळून तो थेट खाली येऊन थांबला. कालिंदीबाई अर्ध्या उतारावर एकट्याच राहिल्या.

त्या धप्पकन बसल्या. तेवढ्यात ढग उतरला.

"मास्तर! अहो मास्तर! तुम्ही कुठे आहात? मला काही दिसत नाहीये!"

त्या रडत होत्या. खालून ओरडून सांगावं, तर भेदरलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही. स्की घालून तिरपं तिरपं वर चढता येतं, पण त्या लांबलचक पट्ट्या उचलत चढायला फार वेळ लागला असता. तुळशीरामने सुभेदारांकडे पाहिलं. त्याला पालथा टांगलेला तवा आठवला. आपण हरलो, असं त्याला आतून कळून चुकलं आणि फार वाईट वाटलं.

त्याने वाकून पायातल्या स्की काढल्या.

मग तो खोकत, धापा टाकत, गुडघाभर बर्फ तुडवत वर गेला. बाईंच्या शेजारी बसला. त्यांचे हातमोजे झाडून दिले. त्यांना उठवलं, आपल्या स्कीच्या काठीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि शेजारून चालत चालत म्हणाला, "टोकं जवळ आणा, ताई. हां, अशी. थांबलात बघा!"

"अगंबाई, खरंच थांबले!" कालिंदीबाई म्हणाल्या. दोन पावलं सरकल्या, पुन्हा थांबल्या. खाली पोहोचल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मास्तर, हे आधीच का नाही केलंत?"

सुभेदार जवळ आले. "नापास," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. पण सुभेदार, पहिल्याच दिवशी सांगायचं होतं की!"

"विचारलं होतं मी."

तुळशीराम घरी गेला. ठकूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजायचं ते समजली. त्याने भिंतीवरचा तवा काढला आणि चुलीवर ठेवला. ठकूने परात घेतली आणि पीठ मळायला बसली. पुन्हा एक अख्खं वर्ष तोच धूर आणि तोच खोकला. सांगतानासुद्धा जीव दमतो.

पुढचा हिवाळा आला. तेच कोठार. काळ्या लांब स्की तिथेच उभ्या होत्या, तशाच चकचकीत. तुळशीरामने हात वर केला नाही. ओरखड्यांची ती हनुवटीपर्यंतची जोडी उचलली आणि अंगठ्याने दाबून ती लवते का ते पाहिलं.

सुभेदार दारात होतेच. "कोणासाठी घेतोस?"

"जो पहिल्यांदा उभा राहील आणि घाबरेल, त्याच्यासाठी."

सुभेदार बाजूला झाले. या वेळी त्यांनी उसासा टाकला नाही.

त्या वर्षी खाणावळीला कुलूप लागलं. तुळशीरामचा खोकला काही पुरता गेला नाही. वर्षभराचा धूर त्याने आपल्याच ऐटीपायी जास्तीचा खाल्ला होता. पण लहान उतारावर तो आता नवख्यांच्या पुढे उलटा सरकताना दिसतो, इतका हळू, की रस्त्यावरचं कोणी बघायलाही थांबत नाही.

तात्पर्य: ज्याला दुसऱ्याला शिकवायचं आहे, त्याने आपलं साधन स्वतःच्या ऐटीच्या मापाने निवडू नये; शिकणाऱ्याच्या भीतीच्या मापाने निवडावं.