अनसूयेच्या लाटण्याची कहाणी

बसा बायांनो, अक्षता हातात घ्या, पोरं जवळ घ्या. ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं, नगराच्या कडेला कोष्ट्याचं घर होतं. कोष्टी मागावर बसे, मान वर करीत नसे. त्याची बायको अनसूया. हाताची गोड, तोंडाची तिखट. घरात कोष्ट्याची थोरली बहीण वेणू होती. विधवा होती, तिला दुसरं घर नव्हतं. आणि तीन मुलं होती. थोरली यमू, मधला दगडू, धाकटी ठकी.

अनसूयेजवळ माहेरचं लाटणं होतं. शिसवी, काळंभोर. सासरी धाडताना आईनं ओटीत घातलेलं. पुढं आई गेली, लाटणं राहिलं. पोळ्या झाल्या की अनसूया ते धुवी, पुशी, फडक्यात गुंडाळून ठेवी. कुणाला हात लावू देत नसे.

श्रावण आला, शुक्रवार आला. अनसूयेनं पुरण वाटलं, कणीक तिंबली, फडकं सोडलं. तो आत लाटणं नाही.

यमूला विचारलं. यमू म्हणाली, "मांजरानं नेलं असेल."

दगडूला विचारलं. दगडू म्हणाला, "मी आज स्वयंपाकघरात आलोच नाही." त्याच्या ओठाला पुरण होतं.

ठकीला विचारलं. ठकी म्हणाली, "लाटणं म्हणजे काय गं आई?"

मुलं अशी का बोलली? खरं सांगितलं की पाठीत धपाटा बसे. खोटं सांगितलं की कधी कधी चुके. एवढा हिशेब पोरांना येत होता.

मग अनसूयेनं भांडी आपटली. म्हणाली, "माझ्या लाटण्यावर कुणाचा डोळा होता, ते मला ठाऊक आहे. पोसावं आम्ही, आणि न्यावंही आमचंच!"

वेणूनं ऐकलं. लुगड्याचं गाठोडं बांधलं. भावाला म्हणाली, "येते रे." कोष्टी मागावरून "हूं" म्हणाला. वेणू चालू लागली. मुलं खांबाआड उभी राहिली. रडली, पण बोलली नाहीत.

इतक्यात दाराशी एक म्हातारी सवाष्ण आली. कपाळभर कुंकू, कडेवर एक पोर, पदराला दोन. म्हणाली, "बाई, आज तुझ्याकडे जेवणार. पोळी मात्र टम्म फुगलेली हवी."

अनसूयेनं तांब्यानं पोळी लाटली, तव्यावर टाकली. म्हातारीनं विचारलं, "घरची सगळी घरात आहेत ना?" "आहेत की." फट्! पोळी फुटली.

मग दुसरी टाकली. "नणंद दिसत नाही?" "आपल्या मर्जीनं गेल्या." फट्!

मग तिसरी टाकली. "तू काही बोललीस?" "मी? मी कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही!" फट्! पुरण चुलीत गेलं, धूर झाला, कोष्टी खोकला.

अनसूया रडकुंडीला आली. "आजी, ही काय तऱ्हा? पोरांना खोटं बोलू नका म्हणून मी हात दुखेस्तोवर मारते."

"म्हणूनच हात दुखतो," म्हातारी म्हणाली. "तुला वसा सांगते. शुक्रवारी नैवेद्याआधी मुलांना समोर बसवावं. आठवड्यातलं आपलं खोटं आपण आधी सांगावं. मग मुलांचं ऐकावं. ऐकताना दोन्ही हात मांडीखाली ठेवावे. उतू नये, मातू नये, हात बाहेर काढू नये."

अनसूया मुलांसमोर बसली. हात मांडीखाली घातले. म्हणाली, "आत्याला लाटणं घेताना मी पाहिलं नाही. मी उगाच आळ घेतला." मुलांनी आ वासला. मग ती तशीच उठली, कणकेच्या हातांनी वेशीपर्यंत धावली.

"वन्सं, थांबा!"

"लाटणं सापडलं वाटतं?"

"नाही सापडलं. तुम्ही नेलं नाही, एवढं सापडलं. घरी चला."

वेणूनं गाठोडं खांद्यावरून उतरवलं. मग म्हणाली, "गाठोडं तू घे. माझा खांदा दुखतो."

घरी आल्या. अनसूया पुन्हा हात मांडीखाली घालून बसली. यमू म्हणाली, "बाहुलीच्या लग्नात मी लाटण्याला नवरा केलं." दगडू म्हणाला, "नवरा मी पळवला. त्याचा दांडू करून विटी मारली." ठकी म्हणाली, "मी त्यानं चिंचा पाडल्या. ते वरच राहिलं."

अनसूयेचा उजवा हात वळवळला. मग डावा वळवळला. वेणू म्हणाली, "आतच ठेव गं." हात आतच राहिले.

मग कोष्टी मागावरून उठला. आळीनं कौतुकानं पाहिलं. तो चिंचेवर चढला, लाटणं काढलं. तीन जागी टवके उडाले होते. अनसूयेनं ते पोटाशी धरलं. आईची आठवण आली, डोळे भरले.

ठकी म्हणाली, "मी पण रडू का?"

"ये, रड," आई म्हणाली, आणि तिला कुशीत घेतलं.

मग पोळ्या टम्म फुगल्या. म्हातारी नऊ पोळ्या जेवली. मुलांवर अक्षता टाकल्या आणि दिसेनाशी झाली. अनसूयेनं जिवतीला ओळखलं, हात जोडले.

पुढचा शुक्रवार आला. शेजारची सवाष्ण जेवायला आली. ठकी तिला म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही फार जेवता." पान वाढता वाढता अनसूया थबकली. यमूकडे पाहिलं, दगडूकडे पाहिलं. तिघं तिच्याकडे टक लावून होती. मग खाली मान घालून म्हणाली, "म्हणाले होते खरी."

सवाष्ण हसली. म्हणाली, "मग आणखी दोन वाढ."

जिवतीबाई अनसूयेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. आपली लेकरं खरं बोलोत, आणि ते ऐकायचं बळ आपल्याला येवो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी सांगितली, लेकराबाळांसुद्धा सुफळ झाली.