राजवाड्यातलं ध्यान

एक होता राजा. त्याच्याकडे सगळं होतं, फक्त लक्ष नव्हतं. पाय हलवू नकोस गं, गोष्ट सांडेल.

तर राजा जेवायला बसला, की मनानं उद्याच्या शिकारीत. राणी कालच्या लग्नात, कोण काय बोललं ते घोळवत. राजपुत्र तर आकाशात, पतंगाच्या शेपटीला लटकलेला. माणसं घरात, मनं बाहेर. घरात खरोखर हजर अशी एकटीच होती, त्यांची धाकटी राजकन्या शेवंती.

मग एकदा काय झालं, शेवंतीची सावली हरवली. कुणाला कळलं नाही. मग तिच्या पैंजणांचा आवाज गेला. तेही कुणाला कळलं नाही. मग ती परसातल्या विहिरीत डोकावली, तर पाण्यात आभाळ दिसलं, कडुनिंब दिसला, शेवंती काही दिसेना. घाबरली बरं का ती! पण रडत नाही बसली. तिनं विहिरीलाच विचारलं, "विहिरीबाई, मी कुठे गेले?"

तेव्हा विहिरी बोलायच्या. विहीर म्हणाली, "बाळ, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, ते हळूहळू विरून जातं. आज दिवेलागणीच्या आत तुझ्या घरच्यांनी मिळून ध्यान करायला हवं. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि एकाच गोष्टीकडे मनापासून बघायचं. मन पळालं तर रागवायचं नाही, हळूच परत आणून बसवायचं. एवढं झालं नाही, तर तू पुरती विरशील."

मग शेवंती धावत राजाकडे गेली. "आबासाहेब, आपल्या घरात ध्यान हवं, आजच्या आज!"

राजा भाल्याला धार लावत होता. त्यानं अर्धंच ऐकलं. "ध्यान हवं? प्रधानजी, पोरीला एक ध्यान आणून द्या."

प्रधान बिचारा हुकमाचा ताबेदार. गावभर फिरला आणि एकाला घेऊन आला. सदरा उलटा, केस उभे, एका पायात वहाण, दुसरा पाय अनवाणी. म्हणाला, "महाराज, असं ध्यान साऱ्या मुलखात नाही!" राजानं न बघताच मान डोलावली. हसता काय? शेवंतीची बोटं विरायला लागली होती.

मग ती राणीकडे गेली. "आईसाहेब, ध्यान!"

"अगदी गं," राणी म्हणाली, "तुझ्या आत्याचा नवरा त्या लग्नात काय ध्यान दिसत होता!" आणि ती पुन्हा लग्नात शिरली. शेवंतीचे हात कोपरापर्यंत गेले.

मग ती गच्चीवर दादाकडे गेली. "दादा, ध्यान करायचंय."

"आहे माझ्या ध्यानात," दादा म्हणाला आणि त्यानं पतंगाला ढील दिली.

आता शेवंतीला आला राग. चांगला सणसणीत राग! ती म्हणाली, "यांना ध्यानच हवंय ना? मग देते."

तिनं राजाचा मंदील डोक्यावर चढवला. राणीची नथ नाकात अडकवली. दादाचे जोडे पायात घातले. तोवर ती सगळीच विरली होती, तिचे कपडेसुद्धा. घरची मंडळी ताटांवर बसली होती, दासी दिवा लावायला वात वळत होती, आणि दारातून आत काय आलं? वर मंदील, मध्ये नथ, खाली जोडे. फटक, फटक, फटक!

"अरे, हे काय ध्यान?" राजा ओरडला.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मंदिलाखालून आवाज आला, "कुणी हलू नका. बोलू नका. नुसतं बघा."

मग ते बघत राहिले. राजाचं मन शिकारीकडे पळालं, त्यानं हळूच परत आणलं. मंदिलाखाली कपाळ दिसू लागलं. राणीचं मन लग्नात गेलं, तिनंही परत आणलं. नथीमागे इवलंसं नाक आलं. दादानं पतंग विसरून जोड्यांकडे पाहिलं, तर जोड्यांत पाय आले. मग हात आले, परकर आला, सगळी शेवंती आली. तेवढ्यात दासीनं दिवा लावला, आणि भिंतीवर तिची सावली पडली!

राणीला रडू कोसळलं. तिनं लेकीला पोटाशी धरलं, तसे पैंजण वाजले. राजा बघतच होता. म्हणाला, "शेवंते, तुझ्या गालावर ही खळी कधीपासून?"

"पहिल्यापासून, आबासाहेब."

राजानं मान खाली घातली. मग वर केली आणि पुन्हा बघू लागला.

त्या दिवसापासून दिवेलागणीला सगळे एकत्र बसू लागले. रोज एकानं ध्यान व्हायचं, बाकीच्यांनी ध्यान करायचं. एकदा राजा राणीचा शालू नेसला होता म्हणे! आणि ते पहिलं ध्यान? त्याला जा म्हणायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ते दारातच उभं होतं. त्यालाही पाट मांडला. सगळे सुखात राहिले.

चला माझ्या ध्यानांनो, पांघरूण घ्या. मी एकेकाकडे नीट बघते, मग मिटा डोळे. कुणी विरत नाही इथं.