तारेच्या आतली हजेरी

“साल कोणतं घालू, गुरुजी? बावीसशे दहा, की सरळ तेवीसशे?”

यल्लाप्पा गुरुजी लाल पेन घेऊन ऋजुताची वही तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “घाई काय आहे? आधी वेलांट्या तरी जागेवर येऊ देत.”

गुरुजींनी ब्याऐंशी ओलांडली होती. जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. ऋजुताचे वडीलही त्यांचेच विद्यार्थी. अकरावीतली लेक भविष्यकाळातली कादंबरी लिहायला बसली, तेव्हा वडिलांनी तिला गुरुजींकडं धाडलं. महिनाभर ती रोज दुपारी येत होती. गुरुजी चुका काढायचे आणि दर दहा चुकांमागे शेंगदाण्याचा एक लाडू द्यायचे. त्यामुळं चुका काही कमी होत नव्हत्या.

“अशी गोष्ट अजून कुणाला सुचलीच नसेल,” ती म्हणाली.

“वाचून दाखव. शेवट कानानं तपासावा.”

ती वाचू लागली. तिच्या शहरात मूल जन्मलं की यंत्र त्याचं थेंबभर रक्त घेई आणि सांगे, हे पुढं चोर होणार. मग त्याचं सगळं गणगोत काटेरी तारेच्या आत. सोळा वर्षांची आयरा तिथंच वाढलेली.

“‘भोंगा वाजला. सगळे रांगेत उभे राहिले, लहान मुलं मागं. पहारेकऱ्यानं पुकारा केला…’”

“हजर,” गुरुजी म्हणाले.

ऋजुतानं वर पाहिलं. गुरुजींचा हात वर गेला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला आणि उगीचच चष्मा पुसला.

“गुरुजी…?”

“लहान पोरं रांगेत मागं उभी केलीस तू. ती पुढं असायची. मागं दिसत नाहीत ना.”

“असायची? कुठं?”

“इथंच. स्टेशनच्या पलीकडं. गोऱ्या सरकारनं जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तुझं यंत्र निदान रक्त तरी मागतं. आमचं नुसत्या जातीवर भागलं. मी तारेच्या आत जन्मलो.”

ऋजुताची कानशिलं तापली. महिनाभर ती या माणसाच्या हातचे लाडू खात होती.

“मला कुणी सांगितलंच नाही…”

“कोण सांगणार? तीस वर्षं मीच पाठ्यपुस्तक शिकवलं. त्यात नव्हतं.”

“पण आता ते संपलं ना?”

“कायदा संपला.” गुरुजींनी पेन खाली ठेवलं. “गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर कुणाचं तरी पाकीट गेलं. चौकीवाले माझ्या पुतण्याला घेऊन गेले. टपाल खात्यात आहे तो. खांद्याला टपालाची बॅग, अंगावर खाकी, तरी नेला. संध्याकाळी सोडला.”

ऋजुतानं वही मिटली. “मग फाडूनच टाकते ही. मी नवं काय लिहिलं?”

“अगं, शेवट राहिला की!” गुरुजींनी एकही चूक न मोजता तिच्या हातावर लाडू ठेवला. “खा आधी. मग वाच.”

तिनं वाचलं. आवाज मघासारखा नव्हता. आयरा तार तोडते. लोक ओरडत, रडत, टेकडीकडं धावत सुटतात. समाप्त.

गुरुजींनी वही तिच्या हातून घेतली.

“आमची तार तुटली तेव्हा असंच झालं,” ते म्हणाले. “स्वातंत्र्याला पाच वर्षं होऊन गेली होती. मी आठ-नऊ वर्षांचा. माणसं नाचली. मी तारेपलीकडं पळत गेलो, पळत आत आलो, पुन्हा पळत बाहेर. दिवसभर तेवढंच केलं.”

ऋजुता हसली. डोळे मात्र भरले होते. “आणि तुमच्या घरचे?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तोंड धुतलं, वेणी घातली आणि हजेरीच्या जागी जाऊन उभी राहिली.”

“पण हजेरी घ्यायला…”

“कुणी नव्हतं.”

“मग?”

“उभी राहिली.”

“कधीपर्यंत, गुरुजी?”

गुरुजींनी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तू तार तोडलीस, पोरी. झकास तोडलीस. आता माझ्या आईला घरी घेऊन ये.”